चोरीस: एक तद्भव चव

एकच शब्द एका भाषेत दोनदा येऊ शकतो. पहिल्यांदा तो पायी येतो, बंदरावर उतरतो, बाजारात रुळतो, बायाबापड्यांच्या तोंडी झिजतो आणि घरचा होतो. दुसऱ्यांदा तो छापील कार्डावर बसून येतो आणि आपले पूर्वीचे येणे कोणाला आठवूही देत नाही. लोणावळ्या-खंडाळ्याच्या एखाद्या महागड्या उपाहारगृहात पिझ्झ्याच्या यादीत 'चोरिझो' हा शब्द वाचताना आम्हांस नेहमी हेच वाटते. हा शब्द आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर केव्हाच आला आहे. गोव्यात त्याचा 'चोरीस' झाला, कुठे 'शोरीस' झाला, त्याच्या माळा म्हापशाच्या बाजारात टांगल्या गेल्या. तरीही मेन्यूकार्ड वाचणाऱ्या मराठी माणसाला चोरिझो हे युरोपातले काहीतरी उंची वाटते आणि चोरीस हे 'त्या लोकांचे' काहीतरी तिखट, वासट खाणे वाटते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रकार नवा नाही. तत्सम आणि तद्भव यांच्यातला मानापमानाचा खेळ आपण व्याकरणात शिकतो. 'अग्नी' पूजेला बसतो, 'आग' चुलीत राबते. येथे गंमत अशी की, ज्याला आपण तत्सम समजतो तो चोरिझो तत्समही नाही. स्पेनच्या बऱ्याच भागात त्याचा उच्चार 'चोरीथो' असा होतो, मेक्सिकोत 'चोरीसो' असा; शेवटी 'झो' लावण्याची रीत इंग्रजीच्या वाटेने आलेली आहे. उलट पोर्तुगीज शब्दाचा आजचा उच्चार 'शोरीसु'च्या जवळ जातो आणि जुन्या पोर्तुगीजमध्ये त्या आद्याक्षराचा उच्चार 'च' असाच होता. म्हणजे गोव्यातली बाजारकरीण जे बोलते ते मूळ शब्दाशी अधिक इमानी आहे. भाषेच्या वर्गात एक तास द्यावा इतका हा मजकूर मोलाचा आहे, असे आमचे मत आहे.

पण शब्दाचा कीस काढण्याआधी पदार्थ पाहिला पाहिजे. डुकराच्या मांसाचे लहान तुकडे करून त्यांना मीठ चोळतात, वजनाखाली दाबून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. मग सुक्या मिरच्या, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी, हळद असा मसाला माडीच्या शिरक्यात वाटून त्यात ते तुकडे मुरवतात, स्वच्छ केलेल्या आतड्यांत भरतात, दोऱ्याने गाठी मारून मणी पाडतात आणि ती माळ उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात सुकवतात. मीठ, ऊन, आंबट आणि धूर ही टिकवण्याची चार साधने. एकाने चूक केली तर दुसरे सावरते. दमट हवेच्या किनाऱ्यावर, शीतकपाटाच्या आधीच्या काळात, मांस पावसाळाभर राखण्याची ही विद्या होती.

हिची भावंडे जगभर पसरली आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या मातीचे मीठ खाल्ले आहे. स्पेनच्या चोरीसोचा लाल रंग धुरावलेल्या मिरचीच्या पुडीचा. तो वाळवून कापसारखा कापून तसाच खातात, आणि आस्तुरियास प्रांतात पांढऱ्या घेवड्याच्या रस्स्यात शिजवतात. पोर्तुगालचा भाऊ लसूण आणि द्राक्षाच्या मद्यात मुरतो. तिथल्या बटाटा आणि हिरव्या पाल्याच्या सारात त्याची एखादी चकती पुरते. मेक्सिकोत तो ओलाच विकतात, आतडे फोडून अंड्यांबरोबर परततात. तोलुका शहरात तर कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्यांचा हिरवा चोरीसो होतो. अर्जेंटिनात निखाऱ्यावर भाजून पावात घालतात आणि त्याला 'चोरीपान' म्हणतात. गोव्याच्या रस्त्यावरचा चोरीस-पाव आणि हा चोरीपान यांची एकमेकांशी गाठ पडली नसेल, पण दोघांचे आजोबा एक आहेत. ज्या गावी गेला त्या गावचे आंबट आणि त्या गावचे तिखट त्याने घेतले. स्पेनमध्ये पुडी, पोर्तुगालात मद्य, गोव्यात माडी. नेमाड्यांनी ज्याला 'देशीकरण' म्हटले त्याचे याहून सुबक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. आणि देशीवादावर वाद घालणाऱ्या आमच्या मित्रांनी ते कधी दिले नाही याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

आता रोजच्या स्वयंपाकाकडे येऊ, कारण आमचा मुख्य आग्रह तेथे आहे. चोरीस हा मेजवानीचा पदार्थ समजणे चूक आहे. तो मुळात काटकसरीचा पदार्थ आहे. चारपाच मणी दोऱ्यातून सोडवून, साल फाडून, थोड्या पाण्यात शिजवावेत. पाणी आटले की त्यांचीच चरबी सुटते, वेगळे तेल लागत नाही. त्यात भरपूर कांदा आणि बटाट्याच्या फोडी घातल्या की चार माणसांची भाजी होते. मीठ आणि मसाला त्यात आधीच असतो, म्हणून हात आखडावा. गोव्यात राजम्याबरोबर किंवा चवळीबरोबर शिजवतात. मांस थोडे, कडधान्य पुष्कळ, आणि चव मात्र सगळ्या भांड्याला. मावळातल्या घरात हा बेत अडण्याचे कारण नाही. पावटे आहेत, कांदा आहे, आणि वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने 1987 साली दिलेला इंद्रायणी तांदूळ आहे. इंद्रायणीचा भात चिकट होतो म्हणून पुलावाला चालत नाही, असे म्हणतात. पण चोरीसाची लाल चरबी आणि आंबटपणा धरून ठेवायला असा मऊ, सुवासिक भातच बरा, हा आमचा अनुभव आहे. पुण्याच्या कॅम्पातून आणलेली एक माळ आमच्याकडे चार-पाच जेवणांना पुरते.

मावळाशी या पदार्थाचे नाते ओढूनताणून लावलेले नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. अशा मुलखात पावसाळ्याआधीची बेगमी ही हौस नसते. मराठीत तिला 'आगोट' हा सुंदर शब्द आहे: लाकूडफाटा, मिरच्या, कडधान्य, पापड, आणि घाट चढून आलेले सुके बोंबील नि सुकट. गोव्यात ह्याच बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात. तो शब्दही पोर्तुगीजातून आला आहे, आणि पावसाआधी 'पुरुमेंताचें फेस्त' भरते तेव्हा सुक्या मासळीशेजारी चोरीसाच्या माळा असतात. आगोट आणि पुरुमेंत हे एकाच भीतीतून आणि एकाच शहाणपणातून जन्मलेले दोन शब्द आहेत. कामशेत-तळेगावच्या आठवडेबाजारात सुकट निवडणाऱ्या बाईला चोरीस म्हणजे काय हे सांगायला दोन वाक्ये पुरतील. मेन्यूकार्ड वाचणाऱ्याला मात्र पुस्तक लिहावे लागेल.

यावर पहिला आक्षेप असा की, हे परके आहे. ह्या आक्षेपाला उत्तर देण्यात फार वेळ घालवू नये. पाव, बटाटा, काजू, चावी, पगार, घमेले हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले. मिरची तर अमेरिकेतून त्यांच्याच गलबतांनी आणली. तिच्यावाचून मावळच्या भाकरीवर ठेचा राहत नाही. ठेचा अस्सल आणि चोरीस परका, हा निवाडा इतिहासाचा नव्हे, सोयीचा आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोव्यात 1560 ते 1812 या काळात, मधली काही वर्षे वगळता, धर्मन्यायसभा होती. नवख्रिस्ती माणूस घरात काय शिजवतो यावर तिची नजर असे. 1736 च्या जाहीरनाम्यात हिंदू रीतीप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवण्यालाही मनाई होती. अ. का. प्रियोळकरांनी हा इतिहास कष्टाने मांडला आहे. इबेरियातही डुकराचे मांस खाणे ही मुसलमान आणि यहुदी नवख्रिस्त्यांच्या निष्ठेची कसोटी होऊन बसली होती. पोर्तुगालात 'आल्येइरा' नावाचा कोंबडी आणि पाव भरलेला एक प्रकार आहे. यहुद्यांनी शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी डुकराविना तो रचला, असे परंपरेने सांगतात. तेव्हा या माळेत सक्तीची आठवण ओवलेली आहे, हे खरे.

पण ही आठवण कोणाची? ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांच्याच वंशजांची. त्यांनी पुढे तो पदार्थ आपला केला, त्याला आपली माडी दिली, आपल्या मिरच्या दिल्या, लग्नकार्यात आणि गरिबीत तो शिजवला. अत्याचाराचा हिशेब त्यांच्या ताटाकडून वसूल करणे हा न्याय नव्हे. शिवाय साहित्याच्या व्यवहारात आपण वेगळे वागतो. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राशोलला छापले गेले. ते त्याच राजवटीच्या छायेत, धर्मप्रसारासाठीच लिहिलेले. तरी आपण ते मराठीचे लेणे म्हणून अभ्यासक्रमात लावतो, त्याच्या ओव्यांचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. मग ज्या समाजाची ओवी आपण आपली म्हणतो, त्याच्या चुलीला परकी का म्हणावे? 2020 च्या धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, साहित्य संमेलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्षस्थानी होते. मराठीच्या मांडवात ख्रिस्ती लेखकाला पहिला पाट आणि मराठीच्या स्वयंपाकघरात त्याच्या ताटाला जागा नाही, ही विसंगती आम्हांस बोचते.

आणि ती केवळ ख्रिस्ती समाजापुरती नाही. 'मराठी जेवण' म्हणून जे छापले जाते त्याचा परीघ फार लहान आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्र'ने विसाव्या शतकाच्या आरंभी पाठारे प्रभूंची सामिष पाककला पुस्तकात आणली. पण उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्यांना, दलित वस्तीच्या बेगमीला, शाहू पाटोळ्यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 साली येईपर्यंत वाट पाहावी लागली. चान्या आणि चोरीस यांची जात वेगळी, धर्म वेगळा. पण मीठ आणि ऊन तेच, आणि छापील पानावरची अनुपस्थितीही तीच. मावळाला सोवळ्याचा मुलूख समजणाऱ्यांनी कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेला येणारे कोळी आणि आगरी भाविक पाहावेत. देवीच्या डोंगराखाली तिखटाचा नैवेद्य शिजतो. त्याच रस्त्यावरच्या बंगल्यांच्या फाटकांवर आता 'फक्त शाकाहारी कुटुंबांस' अशा पाट्या वाचायला मिळतात. भाड्याने घर शोधताना अशा एका दारातून आम्हीही परत फिरलो आहोत. कोणी काय खाऊ नये हे ज्याचे त्याने ठरवावे; डुकराचे मांस वर्ज्य असणाऱ्यांचा आम्ही आदरच करतो. पण न खाणे वेगळे आणि दुसऱ्याचे खाणे नकाशावरून पुसणे वेगळे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. मराठीच्या शिक्षकांनी शब्दसंग्रहाच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांना घरातल्या टिकाऊ पदार्थांची नावे विचारावीत: आगोटीला काय भरतात, कशाला काय म्हणतात, कोणत्या भांड्यात राखतात. उत्तरे देताना मुलाला संकोच वाटणार नाही एवढी वर्गाची हवा राखावी. कोशकारांनी 'चोरीस' आणि 'चान्या' यांना मान टाकल्यासारखी अर्धी ओळ न देता रीतसर नोंद द्यावी. आणि लोणावळ्यातल्या ज्या हॉटेलवाल्यांना पिझ्झ्यावर स्पेन हवा आहे, त्यांनी एकदा गोव्याची माळ मागवून पाहावी आणि कार्डावर तिचे नाव देवनागरीत लिहावे. त्या नावाला लाज वाटावी असे त्यात काही नाही. ते आपल्याकडे आधी आलेले आहे.