काय अडतंय?

गेले चार शनिवार मी कुठे गायब आहे असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. आसनगावला लोकलमधून उतरून, रिक्षाने शहापूर गाठून, तिथल्या एका गॅरेजात मी एका म्हाताऱ्या पिकअपच्या चाकाशेजारी उकिडवा बसलेलो होतो. आणि जाम भडकलेलो होतो. त्या भडकण्यातून हा लेख.

पिकअप मामांची. टाटामोबाइल २०६. ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: टेल्कोने (२००३ साली तिचं नाव टाटा मोटर्स झालं) १९८८ मध्ये ही पिकअप बाजारात आणली. हिच्याच पायावर १९९१ साली सिएरा आली. २०२५ च्या नोव्हेंबरात नवी सिएरा आली तेव्हा आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांचा गळा दाटून आला होता. बालपण, नव्वदचं दशक, ती मागची वळलेली काच वगैरे. तिची थोरली बहीण मात्र तोवर मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे, भाताची पोती आणि पेंढा वाहत होती. तिच्यासाठी कुणाचा गळा दाटल्याचं ऐकलं नाही. असो.

तर मामा म्हणाले, "हिला एकदा नीट करून दे. नायतर भंगारवाला येतोच आहे." मी हौसेने बॉनेट उघडलं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना थेट टायर दिसले! म्हणजे मधला पत्राच गायब. बाहेरून जो दिसतो तो मडगार्ड, आणि त्याच्या आत चाक आणि इंजिन यांच्यामध्ये जी पत्र्याची भिंत असते तिला गॅरेजवाले एप्रन म्हणतात. दोन्ही एप्रन कुणीतरी गॅसने कापून काढलेले. का? पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तळाशी गंजले, नवे बसवायचे तर पैसे. तेव्हाच्या मेकॅनिकने मामांना ते सुप्रसिद्ध वाक्य ऐकवलं: "काढून टाकू. काय अडतंय त्याच्यावाचून?"

या दोन शब्दांवर माझा राग आहे. काय अडतंय!

गंमत अशी की खरंच काही अडलं नाही. पेट्रोलची जुनी गाडी असती तर पहिल्याच पावसात डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडून ती रस्त्यातच बंद पडली असती, आणि चूक त्याच दिवशी कळली असती. हे डिझेल इंजिन. ठिणगीची भानगडच नाही. एकदा चालू झालं की चिखलाने माखलं तरी धडधडत राहतं. म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं की एप्रन ही कंपनीने उगाच लावलेली शोभेची वस्तू होती.

आपल्या धंद्यात हा प्रकार ओळखीचा आहे. जुन्या कोडमधल्या दहा ओळी कशासाठी आहेत ते कुणाला कळत नाही. कुणीतरी हुशार पोरगा त्या उडवतो, टेस्ट पास होतात, रिलीज जातं, पोराचं कौतुक होतं. मग आठ महिन्यांनी, ऐन दिवाळीच्या गर्दीत, सर्व्हर बसतो. तोवर पोरगा दुसऱ्या कंपनीत. :-)

इथे आठ महिने नाही, वर्षं लागली. मुरबाडचा पाऊस आणि खाचरातला चिखल दर पावसाळ्यात चाकांनी उचलून सरळ इंजिनाच्या खोलीत फेकला. वायरिंगचे जोड हिरवे पडले. अल्टरनेटरचा पट्टा ओला होऊन घसरायचा, बॅटरी कधीच पूर्ण चार्ज नसायची. बॅटरीच्या ट्रेला एप्रनचा आधार होता, तो गेल्यावर ट्रे तारेने बांधलेला. बाहेरचा मडगार्ड आतून गंजला, कारण साचलेला चिखल आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवतो. एप्रन नुसता चिखल अडवत नाही, तो पुढच्या पत्र्याला मागच्या फायरवॉलशी बांधून ठेवतो. तो गेल्यावर पुढचं नाक थोडं हलायला लागलं आणि बॉनेटची फट एका बाजूला बोटभर झाली.

आणि मग जुलैतल्या एका संध्याकाळी, माळशेज उतरताना, धुक्यात दोन्ही हेडलाइट एकदम गेले. पत्र्याच्या कापलेल्या कडेवर घासून घासून वायर उघडी पडली होती. मामांनी केवळ सवयीच्या जोरावर गाडी कडेला घेतली. मागे पोत्यांवर दोन माणसं बसली होती. (बसायला नको होती, मान्य. पण शेवटची एसटी गेली होती.) म्हणजे जे "अडत नव्हतं" ते असं घाटात, अंधारात अडलं.

पण एकट्या त्या मेकॅनिकवर खापर फोडणं सोपं आहे. त्याच्याकडे निदान कारण होतं. शेतकऱ्याच्या खिशात पैसे नव्हते आणि भाताचा हंगाम तोंडावर होता. माझा मोठा राग आपल्या शहरी हौशी मंडळींवर आहे. जुनी गाडी घ्यायची, झकास रंग मारायचा, बंपरला क्रोम, सीटला चामडं, आणि रविवारी सकाळी रांगेत उभी करून फोटो. बॉनेट उघडायला सांगा. एप्रनच्या जागी लांबी भरलेली, वर काळा रंग फासलेला. अरे, दिसत नाही म्हणून पैसे वाचवलेत ना? मग त्या मेकॅनिकमध्ये आणि तुमच्यात फरक काय? उलट तो बरा. त्याने निदान लपवलं तरी नाही.

मला सल्लेही भरपूर मिळाले. एक: रबराचा जाड पट्टा लटकव, चिखल अडतो. अडतो, खरं आहे, आणि काहीच नसण्यापेक्षा बराच. पण रबर बॅटरी तोलत नाही आणि नाकही धरून ठेवत नाही. दोन: एप्रन नसला की इंजिनाला हात नीट पोचतो. हेही खरं. घराची भिंत पाडली की झाडू मारायलाही सोपं जातं! तीन: एवढ्या पैशात दुसरी गाडी येईल. येईल. तिचे एप्रन आधी बघून घ्या.

आता काम कसं केलं ते सांगतो, म्हणजे नुसती बडबड केली असं नको. नवा भाग मिळाला नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन फेऱ्या झाल्या. शेवटी एका मोडीत निघालेल्या पिकअपवरून पुठ्ठ्याचे साचे कापून आणले आणि १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा पत्रा त्यावरून कापून वाकवून घेतला. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढली आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडल्या, नाहीतर त्यातले डायोड जातात. मग बाहेरचे मडगार्ड आणि बॉनेट लावून सगळ्या फटी सारख्या करून घेतल्या. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकदा पक्कं वेल्डिंग झालं की वाकडी फट जन्माची. आधी नुसते टाके मारले, पुन्हा मापं घेतली, मग एकदा इकडे एकदा तिकडे असं थोडं थोडं जोडत गेलो, म्हणजे उष्णतेने पत्रा पिळवटत नाही. जिथे पत्र्यावर पत्रा येतो तिथे आतून जस्ताचा प्रायमर, सांध्यांना सीलर, चाकाच्या बाजूला जाड कोटिंग. खाली पाणी निघायला भोकं. वायर जाते त्या प्रत्येक भोकाला रबरी बुश. तो एक बुश पाच-दहा रुपयांचा असेल. माळशेजमध्ये त्याच्याच अभावी दिवे गेले होते.

डेंटर मला दुसऱ्या शनिवारी म्हणाला होता, "साहेब, हे कुणाला दिसणार आहे?" चौथ्या शनिवारी मात्र त्याने स्वतःहून डाव्या बाजूचा एक टाका तोडून परत मारला. मी काही बोललो नव्हतो.

जाता जाता कायद्याचं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल, मूळ रूपात असेल आणि धंद्याला वापरत नसाल, तरच तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. म्हणजे अगदी १९८८ ची पहिली टाटामोबाइलसुद्धा २०३८ च्या आधी त्यात बसत नाही. तोवर त्या ना नव्या, ना वारसा. या मधल्या वर्षांत त्या टिकवायच्या तर कुणाच्या तरी गॅरेजात, कुणीतरी, न दिसणारं काम नीट केलं पाहिजे. दुसरा उपाय नाही.

मामा गाडी न्यायला आले. रंगाकडे बघितलंच नाही (रंग अजून जुनाच आहे, पैसे संपले). बॉनेट उघडून दोन्ही एप्रनवर हात फिरवला, बॅटरी हलवून बघितली. ती हलली नाही. मग किन्हवलीच्या रस्त्याने सरळगावकडे निघाले. तासाभराने फोन आला. वाटेत पाऊस लागला होता.

"बॉनेट उघडलं रे घरी येऊन," म्हणाले. "आत कोरडं आहे."

सोमवारी ऑफिसात गेलो. एक जण जुन्या मोड्यूलमधल्या दहा ओळी काढत होता. म्हणाला, "काय अडतंय?"

मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.