नवखा मॅनेजर : धीर धरावा की नारळ द्यावा?



फुटबॉल क्लबचा मॅनेजर म्हणजे नुसता सराव घेणारा माणूस नव्हे. कोणाला खेळवायचं, कोणाला बाकावर बसवायचं, डावपेच काय आखायचे, हे सगळं तो ठरवतो. त्यामुळे संघ हरला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. मग हा मॅनेजर अगदी नवखा असेल तर क्लबने त्याच्यावर विश्वास ठेवावा, की चार सामने हरताच त्याला नारळ द्यावा? माझं मत स्पष्ट आहे. विश्वास ठेवावा, पण डोळे मिटून नाही.

लंडनच्या आर्सेनल क्लबचं उदाहरण बघू या. डिसेंबर 2019 मध्ये या क्लबने 37 वर्षांच्या मिकेल आर्टेटाला मॅनेजर केलं. त्याआधी तो मँचेस्टर सिटीमध्ये पेप गार्डिओलाचा सहायक होता. स्वतःच्या जबाबदारीवर त्याने एकही संघ सांभाळला नव्हता. सुरुवात छान झाली. ऑगस्ट 2020 मध्ये चेल्सीला 2-1 असं हरवून आर्सेनलने एफए कप जिंकला.

पण पुढे घसरण सुरू झाली. त्या वर्षीच्या नाताळाला संघ प्रीमियर लीगमध्ये 15 व्या स्थानावर होता. हंगामाच्या शेवटी आठवा क्रमांक आला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच क्लबला युरोपीय स्पर्धेत जागा मिळाली नाही. 2021 च्या नव्या हंगामात तर पहिले तिन्ही सामने गेले, तिसरा 5-0 असा. संघ तक्त्यात तळाला! त्याला काढून टाका, अशी ओरड झाली नसती तरच नवल.

क्लबने त्याला काढलं नाही. का काढू नये, याची कारणं गुणतक्त्यात नव्हती, मैदानावर होती. 26 डिसेंबर 2020 रोजी चेल्सीविरुद्ध त्याने बुकायो साका, एमिल स्मिथ रो आणि गॅब्रिएल मार्टिनेली या विशीच्या आतबाहेरच्या पोरांना एकत्र उतरवलं आणि सामना 3-1 असा जिंकला. शिस्तीच्या बाबतीतही तो कच्चा नव्हता. डिसेंबर 2021 मध्ये त्याने कर्णधार ऑबामेयांगचं कर्णधारपद काढून घेतलं. क्लबनेही नुसतं ‘धीर धरतो’ असं म्हणून हात झटकले नाहीत. 2021 च्या उन्हाळ्यात घेतलेले सहाही खेळाडू 23 किंवा त्याहून कमी वयाचे होते. तळापासून सुरू झालेला तो हंगाम पाचव्या स्थानावर संपला. त्यानंतर 2022-23 पासून सलग तीन हंगाम आर्सेनल लीगमध्ये दुसरं आलं. या तीन हंगामांत विजेतेपद मिळालं नाही हे खरं, पण आठव्यावरून दुसऱ्यावर येणं ही काही छोटी गोष्ट नाही.

आता दुसरी बाजूही बघायला हवी. चेल्सीने 2019 मध्ये फ्रँक लँपार्डला मॅनेजर केलं. त्याच्या गाठीला डर्बी काउंटीचा जेमतेम एका हंगामाचा अनुभव होता. जानेवारी 2021 मध्ये क्लबने त्याला काढलं, अनुभवी थॉमस टुखेलला आणलं आणि चारच महिन्यांत, मे 2021 मध्ये, चँपियन्स लीग जिंकली. म्हणजे बदल करणं नेहमीच चूक असतं असं नाही. पण त्या विजयी संघातल्या मेसन माउंट आणि रीस जेम्स या तरुण खेळाडूंना चेल्सीच्या पहिल्या संघात उभं केलं होतं लँपार्डनेच. पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याची!

या चर्चेत हमखास ॲलेक्स फर्ग्युसनचं नाव निघतं. 1986 मध्ये मँचेस्टर युनायटेडला आलेल्या फर्ग्युसनला तिथला पहिला करंडक 1990 मध्ये मिळाला, हे खरं. पण तो नवखा कुठे होता? ॲबरडीनला त्याने 1983 मध्येच युरोपीय कप विनर्स कप जिंकून दिला होता. अनुभवी माणसाला वेळ देणं सोपं असतं. नवख्याला वेळ देताना खरी कसोटी लागते, कारण त्याच्या जमेला दाखवण्यासारखं काहीच नसतं.

हे सगळं शिक्षकांच्या ब्लॉगवर कशाला, असं तुम्ही विचाराल. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी घटक चाचणीत अर्धा वर्ग गणितात घसरला. काही पालक मुख्याध्यापकांकडे गेले, ‘बाई बदला’ म्हणाले. सरांनी गुणांचा तक्ता बाजूला ठेवला, तीन दिवस माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसले, मुलांच्या वह्या पाहिल्या. मग मला म्हणाले, “शिकवता नीट, पण घाई करता. दिवाळीनंतर परत येतो बघायला.” तो धीर होता आणि ताकीदही होती. दिवाळीनंतर ते खरंच आले.

क्लबनेही एवढंच करावं. निकालाबरोबर तीन गोष्टी बघाव्यात : खेळाडू सुधारताहेत का, मॅनेजर स्वतःच्या चुकांतून शिकतोय का आणि आपण त्याला लागेल ती मदत दिली का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर चार पराभवांनी घाबरू नये. पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर कप जिंकलेला असला तरी निरोप द्यावा. आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल तर? मग आधी क्लबने आरशात बघावं.

‘पी हळद आणि हो गोरी’ हे मैदानावर चालत नाही आणि वर्गातही चालत नाही. पुढच्या पालकसभेत एखाद्या नव्या शिक्षकाबद्दल तक्रार आली, तर गुणपत्रिकेच्या आधी मुलांच्या वह्या उघडून बघू या का?