फॉरमॅट मारणाऱ्यांची जमात

वाळूजच्या एका कारखान्यात खोक्यांवर लावायची लेबलं छापून निघत होती आणि प्रत्येक लेबलावर आपल्या शहराचं नाव ‘छत्रपती संभाजी’ एवढंच येत होतं. ‘नगर’ गायब. सॉफ्टवेअर देणाऱ्या महाशयांनी फोनवरच निदान ठोकलं: ‘सर, प्रिंटरच्या ड्रायव्हरचा इश्यू आहे.’ ड्रायव्हर बदलला. रिबन बदलली. शेवटी प्रिंटरच बदलला. नव्या कोऱ्या प्रिंटरनेही ‘छत्रपती संभाजी’च छापलं.

मी जाऊन डेटाबेस उघडला. शहराचं नाव ज्या स्टोअर्ड प्रोसिजरमधून जात होतं, तिथे त्याला रुंदी दिली होती २०. रोमन लिपीत औरंगाबाद या जुन्या नावाला १० अक्षरं लागतात. छत्रपती संभाजीनगरला, मधली मोकळी जागा धरून, २५. विसावर कोयता पडला की नेमकी ‘नगर’ची पाच अक्षरं तुटतात. रकाना अरुंद असला तर एसक्यूएल सर्व्हर निदान बोंब मारतो. प्रोसिजरचा पॅरामीटर अरुंद असला तर गुपचूप कापतो. नामांतराला केंद्राची संमती आली २४ फेब्रुवारी २०२३ ला, पण संभाजीनगर हे नाव त्याआधी कित्येक वर्षं या शहराच्या भिंतींवर आणि सभांमध्ये होतं. एवढी आगाऊ सूचना कुठल्या प्रोग्रामरला मिळते?

रुंदी कमी ठेवणं ही साधी चूक आहे. ती कुणाकडूनही होते. माझा राग त्या निदानावर आहे. कोड बघायचा नाही, एरर वाचायची नाही, थेट समोरच्याच्या वस्तूवर बोट ठेवायचं. या विद्येचे आचार्य आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. व्हिजिटिंग कार्डावर ‘एंटरप्राइझ सोल्यूशन्स’ आणि पोतडीत औषधं चारच: रीस्टार्ट करा, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा, अँटीव्हायरस बंद करा, फॉरमॅट मारा. अहो, वैदूसुद्धा आधी नाडी बघतो!

यातल्या दुसऱ्या औषधाची गोष्ट नीट सांगतो, कारण तिच्यात एका पोराची नोकरी जाता जाता राहिली.

शेंद्र्याच्या बाजूला एक छोटं युनिट. दिवसपाळी आणि रात्रपाळी, संगणक एकच, पण दोन ऑपरेटरांची लॉगिन वेगळी. प्रोग्राम व्हीबी ६ मधला, माहिती ॲक्सेसच्या फाइलीत आणि ती फाइल प्रोग्राम फाइल्स फोल्डरमध्ये, प्रोग्रामच्याच मांडीवर बसवलेली. सकाळी सुपरवायझर दिवसपाळीच्या लॉगिनमधून यादी उघडायचा, तर रात्रीची एकही नोंद दिसायची नाही. रात्रीचं पोरगं शपथेवर सांगायचं, मी सगळं भरलंय. सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं. त्याने तिथे न येताच छातीठोक निकाल दिला: ‘ऑपरेटर एंट्रीच करत नाही, सर. सॉफ्टवेअर ओके आहे.’ पोराला मेमो मिळाला.

पोरगं खरं बोलत होतं. साध्या वापरकर्त्याला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिण्याची मुभा नाही. पण २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा जुने ३२ बिटचे प्रोग्राम एकदम मरू नयेत म्हणून तिच्यात एक सोय ठेवली गेली. प्रोग्राम तिथे लिहायला गेला की विंडोज त्याला नाही म्हणत नाही. त्या फाइलीची एक प्रत त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या कोपऱ्यात, काढते आणि पुढचं सगळं लिखाण त्या प्रतीत होतं. प्रोग्रामला वाटतं आपण मूळ फाइलीतच लिहितोय. म्हणजे दिवसपाळीची एक फाइल, रात्रपाळीची दुसरी. एकाच टेबलावर, एकाच पडद्यावर, दोन वेगळ्या खतावण्या चालल्या होत्या आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता.

आता ते औषध बघा. मेमोनंतर सॉफ्टवेअरवाल्याने सांगितलं, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा.’ तसं केलं की विंडोज ही सोय बंद करते आणि प्रोग्राम मूळ फाइल उघडतो. ती फाइल प्रोग्राम बसवला त्या दिवशी होती तशीच, कोरी. आता दिवसपाळीच्या नोंदीही दिसेनात! यावर आचार्य उद्गारले, ‘डेटा करप्ट झालाय, फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट मारला असता तर सी ड्राइव्हवरच्या दोन्ही पाळ्यांच्या दोन्ही फाइली, महिन्याभराची खरी माहिती, त्या पोराच्या खरेपणाचा एकमेव पुरावा, सगळं पुसलं गेलं असतं. रोगी ठणठणीत होता. वैद्य त्याला सरणावर चढवायला निघाला होता.

हे शोधायला किती वेळ लागला? प्रोसेस मॉनिटर नावाचं साधन मायक्रोसॉफ्ट फुकट देते. कुठल्या प्रोग्रामने कुठली फाइल कुठल्या जागी उघडली, परवानगी मिळाली की नाकारली, सगळं ते ओळीओळीने दाखवतं. दहा मिनिटांत व्हर्च्युअलस्टोअरचा पत्ता समोर आला. उपाय त्याहून सोपा: दोघांनी मिळून वापरायची फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवायचीच नाही, प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिथे दोघांना लिहिण्याची परवानगी द्यायची. हे गुपित नाही. मायक्रोसॉफ्ट व्हिस्टापासून हेच सांगत आलीये.

पण वाचणार कोण? ज्यांनी आयुष्यभर एरर लपवायचंच काम केलं ते? व्हीबी ६ मध्ये एक ओळ आहे, ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. अर्थ असा की काहीही चुकलं तरी बोलू नकोस, पुढच्या ओळीवर जा. ठरावीक ठिकाणी, पुढच्याच ओळीत एरर तपासून, ती वापरायला हरकत नाही. ही मंडळी ती प्रत्येक फंक्शनच्या कपाळावर गंधासारखी लावतात. डॉटनेटमध्ये आले तर तोच संस्कार रिकाम्या कॅच ब्लॉकच्या रूपाने चालू. नोंद जतन झाली नाही तरी पडद्यावर ‘सेव्हड सक्सेसफुली’. हे मी खोटं बोलणं समजतो. साक्षीदाराच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि मग पुरावा नाही म्हणून ओरडायचं, याला तांत्रिक अडचण म्हणत नाहीत.

साक्षीदार मुका नाही. डॉटनेटचा प्रोग्राम कोसळला की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १०२६ क्रमांकाची नोंद पडते, कुठल्या फंक्शनमध्ये कोसळला त्यासकट. एसक्यूएल सर्व्हरची ८१५२ ही एरर पूर्वी फक्त ‘मजकूर कापला जाईल’ एवढंच सांगायची, कुठला रकाना ते सांगायची नाही. त्याबद्दलची चिडचिड रास्त होती. २०१९ च्या आवृत्तीपासून तिच्या जागी २६२८ आली. ती टेबल सांगते, रकाना सांगते, कापल्यावर उरणारा मजकूरही दाखवते. याहून अधिक काय हवं? हात धरून गिरवून घ्यायचं?

आणि आता मराठी. इथे माझा संयम संपतो.

एका पतसंस्थेच्या यादीत सभासदांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटल्या. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, ‘विंडोज मराठीला सपोर्ट करत नाही, फॉन्ट टाकून बघू.’ आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. विंडोज २००० पासून देवनागरी आहे, मराठी आहे, देवनागरीचा फॉन्टही आहे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्टचा दोष असू शकतो. प्रश्नचिन्ह दिसलं तर ते अक्षर मेलेलं आहे. युनिकोडचा मजकूर अशा जुन्या संकेतपटात कोंबला, ज्यात देवनागरीला जागाच नाही, की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं आणि तेच डेटाबेसमध्ये कायमचं लिहिलं जातं. जगातला कुठलाही फॉन्ट त्यातून नाव परत आणू शकत नाही. युनिकोड न वापरणाऱ्या प्रोग्रामांसाठी विंडोजने ठेवलेल्या जुन्या संकेतपटांत देवनागरीचा कधी नव्हताच. आपली लिपी तिथे फक्त युनिकोडमधून चालते. व्हीबी ६ ची तर कमाल: पोटात युनिकोड, तोंडाला जुना संकेतपट. मजकूर आत शाबूत असतो आणि टेक्स्टबॉक्समध्ये येताना मरतो.

पतसंस्थेचा दोष कुठे निघाला? एसक्यूएलच्या वाक्यात मराठी मजकुराआधी ‘एन’ हे एक अक्षर लावायचं राहिलं होतं आणि रकाना एनव्हारचारऐवजी व्हारचार ठेवला होता. एका अक्षराच्या आळसापायी माणसांची नावं गेली. ती कागदी अर्जांवरून पुन्हा टाइप करावी लागली, आणि टाइप करत बसली तिथली कारकून बाई, सॉफ्टवेअरवाला नव्हे.

त्याच बाईंनी मराठी कीबोर्डवरून रक्कम ‘५००’ अशी देवनागरी अंकांत टाकली की प्रोग्राम कोसळायचा. त्यांना झापण्यात आलं, ‘मॅडम, इंग्लिश आकडे टाका.’ आता डॉटनेटचा विरोधाभास ऐका: ‘५’ हा अंक आहे का, असं इजडिजिटला विचारा, ते हो म्हणतं. तोच ‘५’ इंट पार्सला द्या, ते हात वर करतं. म्हणजे तपासणीत पास, हिशेबात नापास. ज्याला हे माहीत आहे तो अंक बदलून घेणाऱ्या चार ओळी लिहितो. ज्याला माहीत नाही तो साठीच्या जवळ आलेल्या बाईला शहाणपण शिकवतो.

खंडपीठाचं शहर आपलं, वकिलांना तोटा नाही. कुठल्याही अशा प्रोग्राममध्ये ‘ॲड.’ शोधून बघा, निम्मे वकील गायब असतील. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र लावून काम भागवायचे, कुणी मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. तिन्ही डोळ्यांना एकच, संगणकाला तीन वेगळी. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. प्रोग्रामरलाच शोधण्याआधी एका रूपात आणावी लागतात. रोज मराठीत बोलणाऱ्या, मराठीत भांडणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावं? परदेशातल्या कुणी येऊन आपला ‘ॲ’ दुरुस्त करायचा का?

बाकीच्या तक्रारींवर फार शाई घालवत नाही. खिडकी पांढरी पडून ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणते, तेव्हा तुमचा संगणक जुना झालेला नसतो. ज्या धाग्यावर पडदा चालतो त्याच धाग्यावर सॉफ्टवेअरवाल्याने डेटाबेसची लांबलचक क्वेरी टाकलेली असते. पाच सेकंद पडद्याने उत्तर दिलं नाही की विंडोज तो प्रोग्राम अडकला असं मानते. वजनकाट्याचं वजन येणं बंद झालं तर काटा बिघडलाय असं लगेच मानू नका. यूएसबीची वायर दुसऱ्या खाचेत लावली की अनेक कनव्हर्टरांना नवा कॉम पोर्ट क्रमांक मिळतो, आणि याने कोडमध्ये ‘कॉम ३’ असा दगडावर कोरून ठेवलेला असतो.

१९६० पासून या शहरात अभियांत्रिकी शिकवली जाते. इथल्या पोरांनी जगभर सॉफ्टवेअर लिहिलंय. अक्कल कमी नाही, लाज कमी आहे. म्हणून कारखानदारांनो, दुकानदारांनो, पतसंस्थेच्या संचालकांनो, पुढच्या वेळी कुणी ‘तुमच्या मशीनमध्ये प्रॉब्लेम आहे’ म्हणालं की त्याला खुर्ची द्या, चहा द्या आणि म्हणा, एरर दाखव, लॉग दाखव. दाखवता आलं नाही तर बिल अडवा. फॉरमॅटला तर हात लावू देऊ नका.

शेंद्र्याच्या त्या ऑपरेटरचा मेमो कंपनीने मागे घेतला. ज्याच्या शब्दावरून तो दिला गेला, त्याने त्या पोराची माफी अजून मागितलेली नाही.