व्यक्तिचित्र वाचायला हवे

व्यक्तिचित्रासमोर उभे राहिल्यावर आपण चेहरा ओळखतो आणि पुढे सरकतो. दरबारी चित्रकाराचे खरे म्हणणे मात्र अनेकदा चेहऱ्याभोवती मांडलेले असते. मुघल चित्रकार बिचित्रने १६१५ ते १६१८च्या सुमारास रंगवलेले जहांगीर बादशहाचे चित्र या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. ते आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात आहे.

बादशहा भल्यामोठ्या वाळूच्या घड्याळावर बसला आहे. त्याच्या मस्तकामागे सूर्य आणि चंद्रकोर यांचे एकत्रित तेजोवलय आहे. डाव्या बाजूला चौघे एकाखाली एक उभे आहेत: अजमेरच्या चिश्ती दर्ग्याचे शेख हुसेन, उस्मानी सुलतान, इंग्लंडचा राजा जेम्स आणि सर्वांत खाली खुद्द बिचित्र. बादशहा ग्रंथ देतो आहे तो शेखांना. ते तो उघड्या हाताने न घेता वस्त्रावर झेलतात. राजे ताटकळत उभे आहेत. सत्तेपेक्षा साधुत्व थोर मानणारा राजा, अशी जहांगीरची प्रतिमा इथे उभी राहते.

यातले दोन्ही परदेशी राजे जहांगीरच्या दरबारात कधीच आले नव्हते. जेम्सचा वकील सर टॉमस रो तेवढा आला होता. जेम्सचा चेहरा युरोपीय चित्रावरून घेतलेला आहे, घड्याळाशी असलेली पंखांची बालकेही तिकडचीच. ती बादशहाला हजार वर्षांचे राज्य चिंतितात. पण घड्याळातली बरीचशी वाळू खाली उतरली आहे. स्तुती आणि मृत्यूची आठवण चित्रकाराने एकाच वस्तूत बसवली आहे. जहांगीर १६२७ मध्ये वारला.

म्हणून अशा चित्राला प्रसंगाचा दाखला मानणे चूक आहे. राजाला आपण कसे दिसावे असे वाटत होते, याचा मात्र तो भक्कम पुरावा आहे. जुनी चित्रे आज मोबाइलवरून संदर्भाविना फिरतात आणि ‘हा पाहा इतिहास’ म्हणून पुढे ढकलली जातात, तेव्हा हा फरक जपणे अधिकच गरजेचे होते.

संग्रहालयांनी चित्राखाली नाव आणि सालाबरोबर प्रतीकांचा उलगडाही चार ओळींत द्यावा. शाळांनी पाठ्यपुस्तकातल्या राजांच्या चित्रांवर मुलांना प्रश्न विचारू द्यावेत: हे कोणी काढवून घेतले, कोणासाठी आणि कशासाठी?