फिल्टर कुठला घेऊ?

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची टूम हॉस्टेलवर दर एक-दोन वर्षांनी निघतेच. २००३ साली 'फाइंडिंग निमो' आला आणि क्लाउनफिश सगळ्यांच्याच डोक्यात शिरला. खरं म्हणजे तो सिनेमा टाकीतून पळून जाणाऱ्या माशाचा. लोकांनी तो बघून टाक्या विकत घेतल्या हा भाग वेगळा! तर, टूम निघाली की मी पूर्णगडचा, म्हणजे समुद्राकाठचा, म्हणून मंडळी माझ्याकडे येतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "फिल्टर कुठला घेऊ?" टाकीत काय ठेवणार, किती ठेवणार, सुट्टीत त्याकडे बघणार कोण, हे काहीच ठरलेलं नसतं. फिल्टरचं मॉडेल मात्र हवं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शंभर लिटरच्या आतल्या रीफ टाकीला दुकानात मिळणारा महागडा कॅनिस्टर फिल्टर लागत नाही. बऱ्याचदा तो नसलेलाच बरा.

असं का, ते पूर्णगडला आलात तर पाच मिनिटांत दाखवता येईल. पावसच्या पुढे मुचकुंदी नदी समुद्राला मिळते, तिच्या उत्तर अंगाला टेकडीवर किल्ला आहे. आपल्याकडचे ट्रेकर तटावर फोटो काढतात आणि परत फिरतात. ओहोटीला खाली कातळावर उतरायला हवं. कातळातल्या खळग्यांत पाणी साचून राहिलेलं असतं. परातीएवढ्या एका डबक्यात दोन-चार बारके मासे, खेकडे, गोगलगाई, नशीब असेल तर एखादं समुद्रफूल. एवढी सगळी मंडळी त्यातच खातात, त्यातच घाण करतात, आणि तरी पाणी काचेसारखं! तिथे कुणी फिल्टर बसवलेला नाही. काम करतात त्या तीन गोष्टी. एक, जीवाणूंनी भरलेला दगड. दुसरी, लाटेची उसळी. आणि तिसरी, साधारण साडेबारा तासांनी येणारी भरती, जी डबक्यातलं पाणी बदलून टाकते.

आता दगडाचं बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो, आणि तिथे अमोनियाचा जास्त हिस्सा विषारी रूपात राहतो. म्हणून गोड्या पाण्यात खपून जाणारी चूक खाऱ्या पाण्यात खपत नाही. एका जातीचे जीवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही कामांना ऑक्सिजन लागतो आणि चिकटून बसायला जागा लागते. कॅनिस्टर, बायोबॉल, वाळूखाली घालायची ती प्लास्टिकची जाळी, सगळे जण या दोन पायऱ्या झकास करतात. आणि तिथेच थांबतात. पुढे नायट्रेट साचत जातं. म्हणून जुने शौकीन असल्या फिल्टरला नायट्रेटचा कारखाना म्हणतात. नुसते मासे असतील तर ते बऱ्यापैकी सोसतात. प्रवाळ आणि समुद्रफुलं कुरकुरायला लागतात, आणि काचेवर शेवाळ चढतं.

तिसरी पायरी, म्हणजे नायट्रेट मोडून नायट्रोजन वायू हवेत सोडायची, ती ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या जागी राहणारे जीवाणू करतात. सच्छिद्र दगडाच्या पोटात अशी जागा असते. बाहेरच्या थरात पहिल्या दोन पायऱ्या, आतल्या थरात तिसरी. एकाच दगडात आख्खा प्लांट! १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग या गृहस्थांनी नुसते जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे यांवर रीफ टाकी चालवण्याची रीत लिहून काढली. तेव्हा ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. पुढे बर्लिनच्या शौकिनांनी दगडाला स्किमरची आणि चांगल्या उजेडाची जोड दिली, तीच आज बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाते.

स्किमर म्हणजे काय? पावसाळ्याच्या तोंडाला किनाऱ्यावर पिवळट फेस येऊन पडतो, तो पाहिला असेल. पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटते आणि फेसाबरोबर वर येते. स्किमर हेच नळीत घडवतो आणि फेस वाटीत गोळा करतो. खाणीतलं खनिज फेसावर वेगळं काढतात, त्याचाच हा भाऊबंद. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून तिथे तो चालतो. गोड्या पाण्यात जवळजवळ निरुपयोगी. कल्पना म्हणून मला स्किमर फार आवडतो. पण छोट्या टाकीचे छोटे स्किमर आवाज करतात, दर दोन दिवसांनी जुळवावे लागतात, आणि ते करतात त्यातलं बरंचसं काम एका बादलीत होतं. दोनशे लिटरच्या पुढे जाल तेव्हा जरूर घ्या.

बादलीचं गणित करून पाहा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत काठोकाठ ७० लिटर पाणी मावतं. दगड-वाळू वजा जाता ५५-६० लिटर धरा. समजा आठवड्याला नायट्रेट २ एककं वाढतं आणि दर आठवड्याला तुम्ही १० टक्के पाणी बदलता. तर ते वाढत वाढत २० वर येऊन स्थिरावेल. २० टक्के बदललंत तर १० वर. वाढ भागिले बदलाचं प्रमाण, बस्स. या १० टक्क्यांचा खर्च काय? सहा लिटर आरओचं पाणी, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास रीफचं मीठ आणि रविवारची वीस मिनिटं. मेसमधलं मीठ चालणार नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे नसतं. शिवाय नव्या पाण्याबरोबर कॅल्शियमही भरून निघतं, जे कुठलाच फिल्टर देत नाही. बाष्पीभवनानं पातळी उतरली की मात्र गोडंच पाणी घालायचं, कारण उडून जातं ते पाणी. मीठ मागेच राहतं.

लाटेची जागा घ्यायला एक पंप लागतो, नाहीतर दोन छोटे वेव्हमेकर. तासाला टाकीच्या दहा ते वीस पट पाणी हललं पाहिजे. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

आणि आता लाईटचा मुद्दा, जो परदेशी पुस्तकांत एका ओळीत उरकतात. आपल्याकडे जूनच्या पहिल्या वाऱ्याला लाईट जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगतून वर सरकलं, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गात कित्येक गावं अंधारात होती. बंद डब्यातल्या कॅनिस्टरचा प्रवाह थांबला की आतले जीवाणू उरलेला ऑक्सिजन संपवतात आणि काही तासांत कुजायला लागतात. लाईट आली की ती सगळी घाण एका झटक्यात टाकीत. दगड टाकीतच असेल तर बॅटरीवरचा दोन-तीनशे रुपयांचा हवेचा पंपसुद्धा रात्र निभावून नेतो. माझ्या मते कोकणात फिल्टर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: लाईट गेल्यावर हा काय करतो?

"मग काय राव, तुझ्या पूर्णगडच्या कातळावरून चार दगड उचलून आणतो," असं म्हणणारे भेटतात. नाही. दगड उपटला की त्यावरची वस्तीही उपटली जाते. आणि त्यावर प्रवाळ असेल तर तो थेट गुन्हा आहे: दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, वाघाच्याच पंगतीत. दुकानदार "चालतंय हो" म्हणाला तरी कायद्याला ते चालत नाही. जांभाही नको. छिद्रं बघून मोह होतो, पण तो लोखंडानं भरलेला दगड आहे, मी तो टाकीत घालणार नाही. कोरडे सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे किंवा टाकीसाठी बनवलेला कृत्रिम दगड घ्या आणि थांबा. चार ते सहा आठवडे, कधी जास्तच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकेपर्यंत एकही मासा नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. तिसऱ्या दिवशी मासा येतो, दहाव्या दिवशी तरंगतो, आणि मग अकराव्या दिवशी आणखी मोठा फिल्टर येतो!

मासा घेतानाही समुद्रातून धरून आणलेला घेऊ नका. हॅचरीत वाढलेला क्लाउनफिश मागा. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं त्याची पैदास करण्याचं तंत्र आपल्या देशात कधीच बसवलं आहे. एवढ्या टाकीत एक जोडी पुष्कळ.

आणि हॉस्टेलच्या खोलीत टाकी नकोच, हेही सांगतो. मे महिन्यात खोली बंद, पंखा बंद, लाईट बंद. पाणी तापून तिशीच्या वर जाणार आणि आतले जीव दाराकडे बघत बसणार. मुक्कामाला राहणाऱ्या एखाद्या सरांच्या घरी, नाहीतर वर्षभर माणूस असतो अशा लॅबमध्ये ठेवता येईल. तोवर झाडगावच्या संशोधन केंद्रातलं मत्स्यालय एकदा बघून या.

खऱ्या समुद्राचं पाणी वापरायचं असेल तर ते डिसेंबर ते मे या काळात भरा. जून ते ऑक्टोबर मुचकुंदीचं गढूळ गोडं पाणी खाडीच्या तोंडाबाहेर लांबवर पसरलेलं असतं. खाडीपासून दूर, उघड्या कातळावर, भरती पुरी चढल्यावर कॅन भरा, होड्या लागतात तिथे नको, डिझेलचा तवंग असतो. सुती कापडातून गाळून दोन-तीन आठवडे काळोखात झाकून ठेवा. खारटपणा मोजायचा काटा १.०२५ च्या आसपास दाखवत असेल तर चांगलं, खाली असेल तर मीठ मिसळून जुळवून घ्या. पंचवीस लिटरचा कॅन कातळावरून एकट्यानं चढवत नाही, तेव्हा येताना कुणाला तरी बरोबर आणा.