टनाची पावणी

धूर एकाने सोडावा आणि त्याचे प्रायश्चित्त दुसऱ्याने विकावे, या व्यवहाराला ‘कार्बन भरपाई’ असे सभ्य नाव आहे. विकसनशील देशांनी त्यातला पैसा मुकाट्याने घ्यावा, असा उपदेश आपल्याला वारंवार केला जातो. त्या उपदेशाला आमचा विरोध आहे, आणि तो भावनेपोटी नसून हिशोबापोटी आहे.

क्योटो करार २००५ मध्ये अमलात आला. त्यातील स्वच्छ विकास यंत्रणेनुसार आपल्याकडे वाचलेला कार्बन डायऑक्साइडचा टन श्रीमंत देश विकत घेऊन स्वतःच्या खाती जमा करीत. धुळे-साताऱ्याच्या पवनचक्क्यांनीही असे टन बाजारात मांडले. २००८ मध्ये टनाला २० युरोंच्या आसपास भाव होता. २०१२ अखेर तो १ युरोच्याही खाली घसरला. त्यानंतर नोंदलेल्या आपल्या प्रकल्पांना युरोपने दार बंद केले. त्याच युरोपात २०२३ मध्ये प्रदूषणाच्या परवान्याचा भाव टनामागे १०० युरोंवर गेला. हवा तीच, टन तोच. मोल मात्र घेणाऱ्याच्या नियमाने ठरले! सरकारी खात्यात आयुष्य घालवलेल्या आम्हांस एवढे कळते, की साध्या पावणीतही किमान रक्कम आधी ठरते.

दुसरा तोटा याहून खोल आहे. हाताला येणारे आंबे आधी उतरवले जातात, शेंड्याचे मागाहून. पॅरिस कराराच्या नियमांनुसार परदेशाला अधिकृतपणे दिलेला टन आपल्या खाती पुन्हा धरता येत नाही. सोपी कपात आज स्वस्तात विकली, तर २०७० पर्यंत निव्वळ शून्य गाठण्याचे वचन पाळताना आपल्या वाट्याला शेंड्याचेच आंबे, म्हणजे महागडी कपात, उरणार.

पेडणेकरांना हे शून्य परके नाही. मोपाच्या सड्यावर विमानतळासाठी ५४ हजारांहून अधिक झाडांचा प्रश्न उभा राहिला. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवान्यावरील स्थगिती उठवली, तेव्हा ‘शून्य कार्बन’ कार्यक्रमाची कंपनीची हमी नोंदवून घेतली. कागदावर शून्य येईलही. पण सड्यात मुरणारे पाणी आणि त्यावर जगणारे झरे कोणत्या टनात मोजायचे?

केंद्राने २०२३ मध्ये देशांतर्गत कार्बन व्यापार योजना अधिसूचित केली आहे, म्हणून हे आताच बोलले पाहिजे. परदेशी विक्रीचा किमान भाव आपल्या सरकारने ठरवावा, सोपी कपात प्रथम देशाच्या खाती जमा व्हावी, आणि ज्या गावाचा डोंगर हिशोबात धरला त्या ग्रामसभेची संमती व वाटा असावा. हे मान्य नसेल, तर माल बाजारात काढूच नये. न विकलेला डोंगर निदान आपल्या जागी उभा तरी राहतो.