मोरचूद नको, ताडपत्री हवी!

गच्चीवरच्या मत्स्यटाकीचं पाणी हिरवं झालं की आपल्या विंगमध्ये एकच उपाय निघतो – मोरचूद टाका! (आमच्या कॉन्व्हेंटात हे नुसतं कॉपर सल्फेट होतं.) माझा स्पष्ट विरोध आहे. त्याने शेवाळाबरोबर चिलापीही मरतील, अमोनियाचं नायट्रेट करणारे बॅक्टेरियाही. मग वाफ्यातला पालक जगणार कशावर?

शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढतं, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. रात्री ते ऑक्सिजन खातं, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. तेव्हा आपण झोपलेलो असतो, हा भाग वेगळा! त्याला उजेडच मिळू देऊ नका. टाकी काळ्या ताडपत्रीने झाका. आणि वॉर्डनसर, रात्री १० ला गच्चीचा मेन स्विच बंद करू नका प्लीज, एअरपंप त्यावरच आहे.